वीराची हळद

बदलापूरच्या पलीकडे, नव्या टॉवरांच्या मागे कौसाबाईचं गाव. गावाच्या टोकाला महादेवाचं जुनं दगडी देऊळ आणि देवळाच्या आवारात पाच घराण्यांचे पाच वीर, म्हणजे लढाईत पडलेल्या पूर्वजांचे कोरीव दगड. घरात लग्न निघालं की पहिली हळद आपल्या वीराला, मग नवऱ्या मुलाला. सासूने घालून दिलेली ही रीत कौसाबाईने मुलाच्या, राजूच्या लग्नात पाळली होती. आज राजूच्या मुलाची, प्रज्वलची हळद. मांडवात लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण खोळंबली होती आणि कौसाबाई हळदीची वाटी पदराखाली धरून राजूच्या मागे स्कूटरवर बसून देवळात आली होती.

पर्यटनासाठी म्हणून वर्षभर देवळाभोवती पत्रे लावून काम चाललं होतं, कुणाला आत सोडत नव्हते. पत्रे निघाले ते ऐन लग्नाच्या गडबडीत. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात साड्यांसाठी खेपा घालण्यात तिला इकडे फिरकायलाही झालं नव्हतं.

पाहते तर आवारातल्या उंबराखाली, नेहमीच्या जागी तिचा वीर नाही. पाचही दगड भिंतीकडेच्या ओट्यावर शाळेतल्या पोरांसारखे ओळीने उभे. शेंदूर नाही, चांदीचे डोळे नाहीत, सगळे काळेकुळकुळीत.

"आमचा कंचा रे यातला?" तिने वॉचमन सुजितला विचारलं.

त्याने साहेबांना बोलावलं. कामावर देखरेख करणारे श्रीपाद सर हसतमुखाने आले.

"मावशी, शेंदराचे थर काढले ना, तर बघा काय निघालं! ही ढाल, ही तलवार. किती वर्षं झाकलं गेलं होतं सगळं."

"तलवार आम्ही कधी बघितलीच नाय, सर. आम्ही डोळे बघायचो. आमच्याचा डावा डोळा जरा खाली होता."

"डोळे सांभाळून ठेवलेत. एका डब्यात."

"पाची जणांचे?"

"हो, सगळे एकत्रच."

माणूस चांगला होता, अदबीने बोलत होता, म्हणून तर कौसाबाईला जास्त चीड येत होती. भांडायचं तरी कुणाशी? ती एकेका दगडासमोर उभी राहिली, हात जोडले. महादेवा, तूच दाखव. पण एकही दगड ओळखीचा वाटेना.

शेजारी उभ्या राजूचा फोन मांडवातून सारखा वाजत होता. "आई, पाचही जणांना लाव ना थोडी थोडी. टेन्शन कशाला घेतेस?"

"का रे, तुझी हळद पाच घरच्या नवऱ्यांना लावली असती तर चाललं असतं तुझ्या बायकोला?"

सुजित फिसकन हसला. राजूने फोन खिशात टाकला. दुसऱ्या घराच्या वीराला आपली हळद लावायची म्हणजे त्याला आपल्या मांडवात ओढायचं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"तसंही मावशी, दगडाला हळद लावता येणार नाही आता," सर हळूच म्हणाले. "दगड खराब होतो."

"इतकी वर्षं नाय झाला तो?"

कौसाबाई तिथून निघाली ती थेट उंबराकडे. दगड हलवला तरी जागा कुठे हलवतील? पण उंबराच्या मुळाशी आता फरशी होती आणि फरशीवर गावाच्या नावाची लाल, माणसाएवढी उभी अक्षरं. त्यांना टेकून कॉलेजच्या दोन मुली सेल्फी काढत होत्या.

"पोरींनो, जरा सरकता का?"

"सॉरी आजी! तुमचा फोटो काढायचाय? द्या फोन, मी काढते."

"फोटो नाय गं. मला खाली वाकायचंय."

मुली बाजूला झाल्या. गुडघ्यावर हात ठेवत कौसाबाई कशीबशी खाली बसली. अक्षरांच्या बुडाशी, फरशीवर तिने हळदीची पाच बोटं ओढली. "कुठं ठेवलाय तुला, मला ओळखता येत नाय," ती पुटपुटली, "पण पोराच्या मांडवात ये."

"मावशी, फरशीवर डाग पडेल!" मागून सुजित ओरडला.

"मग पुसून घे," ती न वळताच म्हणाली. पण उठायला जमेना, तेव्हा राजूला हाक मारावी लागली.