एकशे ब्याण्णव खंडी आणि सात

खंडीवाला कॉम्प्युटरमधल्या फायली खंडीत मोजायचा. वीस मेंढरांची एक खंडी, हे जतकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण ते माप फायलींना लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पडद्यावर तीन हजार आठशे सत्तेचाळीस असा सरळ आकडा असायचा, तरी हा डोळे बारीक करून, ओठांतल्या ओठांत कानडीत काहीतरी पुटपुटून जाहीर करायचा, "एकशे ब्याण्णव खंडी आन् वर सात." मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मला राहवलं नाही. "अरे, आकडा समोर दिसतोय, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला?" असं मी विचारलं. "हजारात काय कळत न्हाई वं अक्का," तो म्हणाला, "खंडी म्हनलं की डोळ्याम्होरं हुबी ऱ्हात्यात."

पलूसच्या स्टँडमागे त्याचं टपरीएवढं दुकान होतं. पाटीवर काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते कुणी वाचत नसे. सगळे त्याला खंडीवालाच म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला हळू. त्याची माझी गाठ पडली ती माझा कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायला लागला तेव्हा. आधी दुसऱ्या एका दुकानदाराला दाखवला होता. त्याने बाहेरूनच एक टिचकी मारली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, मॅडम. आतलं सगळं जाईल." जणू भांडं विसळायचं होतं.

आतलं सगळं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. निवृत्त झाल्यावर सहा महिने खपून मी माझ्या प्रत्येक वर्गाचे फोटो त्यात भरले होते. प्रत्येक फोटोखाली मुलांची नावं, उभी रांग, बसलेली रांग. मुलांनी लिहिलेले निबंध, निरोप समारंभाची भाषणं, कुणी कधी पाठवलेलं पत्र. मी लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात माणूस होतं. बहीण साताऱ्याला असते, तिचा दिवाळीला आणि संक्रांतीला फोन येतो. तेव्हा माझी माणसं म्हणावीत अशी जी काही होती ती त्या डब्यात होती, आणि तो डबा दर अकरा मिनिटांनी मान टाकत होता.

खंडीवाला आला तो दारात चपला काढून थेट जमिनीवर बसला. खुर्ची दिली तर म्हणाला, "खुर्चीत बसून काम दिसत न्हाई." मग चौकशी सुरू केली, डॉक्टर करतात तशी.

"किती येळानं बंद पडतंय?"

"अकरा मिनिटांनी." मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

"आन् लगीच सुरू केलं तर?"

"मग चारच मिनिटं टिकतो."

"म्हंजी तापतंय," तो म्हणाला. "आता सुरू करू नका. दर बारीला आपटून बंद हुतंय, त्यानं आतलं बिथरतंय. आदी मेंढरं भायेर काढू, मग वाडगं नीट करू."

कातरायला घेतलेल्या मेंढरासारखा त्याने तो कॅबिनेट आडवा पाडला. स्क्रू काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. हार्ड डिस्क अलगद बाहेर काढली, केबलने आपल्या लॅपटॉपला जोडली आणि सगळं तिकडे उतरवून घेतलं. दोन तास लागले. इकडची मोजणी, तिकडची मोजणी, दोन्ही जुळल्यावरच त्याने रंगाचा ब्रश हातात घेतला. पंख्यात वाटीभर धूळ होती. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली, वीज पुरवणारा आतला डबा निकामी झाला होता तो बदलला. मग कॉम्प्युटर सुरू केला आणि आम्ही दोघे घड्याळाकडे बघत बसलो. अकरा मिनिटं झाली, बारा झाली, वीस झाली. मी एकदम टाळीच वाजवली आणि मग माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

त्याची आणखी एक खोड होती. तो कुणाची फाईल उघडून बघत नसे. काम करताना चुकून एखादा फोटो पडद्यावर आलाच तर मान फिरवायचा. मीच म्हणाले, "बघ की, माझीच मुलं आहेत." त्यावर म्हणाला, "मोजायचं काम माझं. वळखायचं काम धन्याचं." आणि निघण्यापूर्वी लॅपटॉपवर उतरवून घेतलेलं सगळं त्याने माझ्यासमोर पुसून टाकलं. दुसऱ्याचं जितराब आपल्या कळपात ठेवायचं नाही, अशी त्याच्या घरातली रीत होती. "तुमी एक येगळी डिस्क आना. तिच्यावर आनी एक कॉपी ठिवून देतो. इसरू नका." मी हो म्हणाले आणि विसरले.

मग चहा. त्या दिवशी मी किती महिन्यांनी दोन कप काढले होते कुणास ठाऊक. तो चहा फुंकून फुंकून, अर्धा तास पुरवून प्यायचा. त्याचे वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने चालत असत. हा एकटा शाळेत टिकला, मग सांगलीला जाऊन कॉम्प्युटर शिकला. दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा, स्वतः भाकरी थापायचा. "तुझे घरचे कुठे आहेत आत्ता?" विचारलं तर म्हणायचा, "बगाय लागंल," आणि भावाला फोन लावायचा. माझ्या सहलींच्या गोष्टी त्याला फार आवडत. बसमध्ये चढताना मुलं मोजायची, उतरताना मोजायची, एक कमी भरलं की जीव कसा टांगणीला लागतो, हे मी सांगायला लागले की तो मान डोलावून म्हणायचा, "व्हय, व्हय." माझी ती धास्ती इतकी नेमकी समजलेला दुसरा माणूस मला भेटला नाही. तो गेला की मी कप विसळायची आणि घर एकदम रिकामं वाटायचं. त्याच्या येण्याआधीही ते रिकामंच होतं, पण तेव्हा मला त्याची सवय होती.

तीन आठवड्यांनी केर काढताना कॅबिनेटच्या मागची काळी केबल झाडूला अडकून ढिली झाली. कॉम्प्युटर बंद पडला आणि लगेच सुरू झाला. मी घाबरून फोन केला. तो आला, वाकून केबल आत ढकलली, म्हणाला, "तार ढिली झालती," आणि मोजणी करून चहाला बसला. तासभर बसला. त्याच्या भावाने एक आंधळी मेंढी कशी सांभाळली, ते सांगितलं.

पुढच्या महिन्यात ती केबल मीच ढिली केली.

लिहितानाही हात आखडतोय. पासष्ट वर्षांची बाई, जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून कानीकपाळी ओरडलेली. अर्ध्या बोटाएवढी केबल ओढायची, कॉम्प्युटर दोन-तीनदा बंद-चालू होऊ द्यायचा, मग आवाजात काळजी आणून फोन करायचा. तो यायचा. एकदा त्याने केबल बदलली. एकदा भिंतीतलं सॉकेट बदललं. एकदा विजेच्या दाबाचा दोष असेल म्हणून आपल्याकडचं यंत्र आठवडाभर माझ्याकडे ठेवलं. मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि मी दर वेळी आल्याचा चहा टाकायची.

चौथ्या खेपेला तो मोजणी करून थांबला. परत मोजली. मग विचारलं, "अक्का, तुमी काय पुसलं का?"

"नाही."

"एकशे एक्क्याण्णव खंडी आन् चौदा भरत्यात. तेरा कमी हायती."

दर वेळी आपटून बंद होताना डिस्कवर कुठेतरी मार बसत होता. पहिल्याच दिवशी त्याने तेच सांगितलं होतं, पण मी ते कानाआड केलं होतं. गेलेल्या फायली कुठल्या, ते मी ओळखलं. माझ्या पहिल्यावहिल्या वर्गाच्या होत्या. त्याचा चेहरा इतका उतरला की मीच म्हणाले, जाऊ दे. तो डिस्क काढून घेऊन गेला. जाताना चहा घेतला नाही.

चार दिवस रोज संध्याकाळी त्याचा फोन येई. "दोन घावली." "आज सा झाली." "नऊ झाली." पाचव्या दिवशी तो स्वतः आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. दारातच म्हणाला, "चार न्हाई घावली, अक्का. माझ्याच हातनं गेली. त्या दिवशी मी माझी कॉपी पुसली नस्ती तर आज अस्ती. तार नीट न्हाई, सॉकेट नीट न्हाई, नेमका दोष मला शेवटपातूर कळला न्हाई." आणि खिशातून एक कागद काढला. त्यावर तीन नावं होती. मी बोलताना कधी उल्लेख केला होता तेवढ्यावरून त्याने माझ्या त्या वर्गातली तीन मुलं शोधून काढली होती. आता पन्नाशीची माणसं ती. त्यांच्याकडे वर्गाचा फोटो असेल तर मागून आणतो, म्हणाला. एकाकडे तर तो जाऊनही आला होता.

त्या क्षणी मी गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. तो जन्मभर स्वतःला दोष देत राहिला असता आणि माझ्याकडे येतही राहिला असता. मला दोन्ही दिसत होतं. पण सहलीत हरवलेलं मूल शोधताना माझी काय अवस्था व्हायची ते मला आठवलं.

"तार मी ढिली करत होते," मी म्हणाले. "पहिल्यांदा आपोआप झाली. पुढच्या सगळ्या खेपांना मीच केली."

त्याला आधी कळलंच नाही. "कशापायी?"

"तू यावास म्हणून."

तो उंबऱ्यापाशीच खाली बसला. हातातल्या कागदाची घडी घालत राहिला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"चार रात्री झोपलो न्हाई मी," तो शेवटी म्हणाला. "म्हनलं, आपल्या हातात दिलेलं गेलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नुसतं 'ये' म्हनायचं हुतं, अक्का. आलो अस्तो की. मला तरी कोन हाय हितं?"

'ये' म्हणायला कारण लागतं असंच मी समजत आले होते. विनाकारण कुणाला बोलावलं तर ते 'येत नाही' म्हणतील, ही भीती त्या समजुतीच्या आत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी तो नवी डिस्क बसवून गेला. एकशे ब्याण्णव खंडी आणि तीन. दुसऱ्या डिस्कवर तेवढ्याच, ती कपाटात ठेवली. वागण्यात तसूभर फरक नव्हता, चहाही घेतला. पण आता काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं. ये म्हणायचं मी रोज ठरवायची. आज नको, दुकानात गर्दी असेल, असं करत मी दिवाळी आणली. दिवाळीनंतर त्याचा फोन आला तो दुकान बंद केल्याचा. वडील पाय मोडून घरी बसले होते, भावाला एकट्याला कळप झेपत नव्हता. तसंही आता कॉम्प्युटर घेतंय कोण, असं तोच म्हणाला.

उन्हं तापायला लागली तेव्हा मी फोन केला. "काय झालं वं, बंद पडला का?" त्याने घाईने विचारलं. मी म्हणाले, नाही, सहज. मेंढरांच्या गलक्यात नीट ऐकू येत नव्हतं. "लोणंदच्या अलीकडं हाय. कालव्याच्या अंगाला, कांद्याच्या रानात मेंढरं बसवल्यात. आठ दिस हाय हितं," असं काहीतरी कळलं. ते आठ दिवस मी पुन्हा ठरवण्यात घालवले. नवव्या दिवशी रेल्वेने लोणंदला उतरले, रिक्षा केली आणि विचारत विचारत त्या रानापर्यंत पोचले.

रान मोकळं होतं. तुडवलेली माती, जिकडेतिकडे लेंड्या, तीन दगडांची चूल. बांधावर एक बाई कांद्याची पात कापत बसली होती.

"इथं धनगराची मेंढरं होती ना?"

"व्हय की. कालच्याला सकाळी हलली. चारा सपला." तिने विळ्यानेच दिशा दाखवली. "फलटणच्या अंगाला म्हनत हुती. आता कुठवर गेली कुनाला दक्कल."

मी फोन लावला. लागला नाही. परत लावला. बाई माझ्याकडे, माझ्या पर्सकडे, मातीत रुतलेल्या चपलांकडे बघत होती. "लांबनं आला जनू," ती म्हणाली. "काय काम हुतं का वं त्यांच्याकडं?"

गाडीत बसल्यापासून मी दोन कारणं तयार करून ठेवली होती. दोन्ही चांगली पटण्यासारखी होती.

"नाही," मी म्हणाले. "काम काही नव्हतं. त्यांच्यातला एक माझ्या ओळखीचा आहे. त्याला नुसती भेटायला आले होते."

तिने हातातला विळा बाजूला ठेवला आणि शेजारचं रिकामं पोतं झटकून माझ्यासाठी अंथरलं.

"मग बसा की वाईच," ती म्हणाली.