पेडल स्टील घेताना

दुकानदाराने दोन पेडल स्टील गिटारी शेजारी शेजारी मांडल्या होत्या. चार पाय, खाली पेडलं, वर आडव्या तारा. लांबून इस्त्रीची टेबलंच वाटावीत. एकीची पेडलं हलकी होती, दुसरीचा सूर जास्त वेळ रेंगाळत होता. "काका, वाजवून बघा ना," तो म्हणाला.

आयुष्यभर मी मांडीवरची हवाईयन गिटार वाजवली. आम्ही वाजवणारे गाण्याचे शब्द मनात म्हणत असतो. शब्द जिथे संपतो तिथेच डाव्या हातातली स्टीलची कांडी तारेवरून उचलायची, म्हणजे गिटार गातेय असं वाटतं. मी एखादा शब्द खाल्ला की माझ्या बायकोला, सुमनला, बरोबर कळायचं. स्वयंपाकघरातून ती तेवढाच शब्द म्हणून दाखवायची.

दोन्हींवर मी एकच गाणं वाजवलं. सूर नीट लागले. शब्द मात्र एकही मनात आला नाही. वाईट वाटायला हवं होतं, एवढं समजत होतं.

"मग, कुठली आवडली?"

"लांबी किती आहे?" मी विचारलं.

त्याला नवल वाटलं, तरी त्याने टेप लावली. सुमन गेल्यावर तिच्यासाठी भाड्याने आणलेली दवाखान्याची कॉट परत नेली, तेव्हापासून खिडकीखालची जागा मोकळी आहे. फरशीवर पायांचे गंजाचे डाग तेवढे राहिलेत.

मी टेपकडे पाहिलं. दोन्ही गिटारी त्या जागेला लहान पडत होत्या.