दादा आला की गाडी थरथरायची

आधीच सांगते — मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. भूत, नजर, करणी... वर्गात असलं कोणी बोललं की मी त्याला उभं करून पुरावा मागते. या सदरातले अनुभवही मी आजवर चहासोबत करमणूक म्हणूनच वाचत आले. त्यामुळे आज तुम्ही मला हसलात तर राग येणार नाही, मीसुद्धा हसलेच असते.

आमचं गाव मालवणपासून अर्ध्या तासावर, आतल्या बाजूला. नाव मुद्दाम देत नाही, सगळी माणसं हयात आहेत. रस्त्याला लागून बांबूचं बेडं, म्हणजे फाटक. आत शिरलं की खळं, म्हणजे अंगण, खळ्याच्या मध्ये तुळस, डावीकडे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये बाबांची पांढरी पेट्रोल गाडी. घरात मी एकटी. बाबांचं आजारपण आठ वर्षं चाललं, ते मी काढलं. लग्नबिग्न राहूनच गेलं. थोरला भाऊ, दादा, पिंगुळीला बंगला बांधून राहतो. बाबा गेल्यापासून तो दर रविवारी सकाळी मोटरसायकलवरून यायचा, पिशवीत बांगडे नाहीतर खाजं घेऊन. शेजारच्या काकी म्हणायच्या, "भाव असो व्हयो गो!" मलाही तेच वाटायचं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मला गाडीतलं जे काय कळतं ते त्यांच्यामुळे. त्यामुळे एका रविवारी गाडी नुसती उभी असताना थरथरायला लागली, तेव्हा मी गॅरेजकडे धावले नाही. अ‍ॅक्सिलरेटर दिला की ठीक, सोडला की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवरून पाचशेवर, परत आठशेवर... अख्खा डॅशबोर्ड खडखडायचा. प्लग काढले, ते बरे होते. एअर फिल्टर झाडला, थ्रॉटल बॉडी साफ केली. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. ज्या सिलेंडरची काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो कामचुकार. पण चारही कामाचे निघाले! शेवटी इंजिनाच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूमचा एक रबरी पाइप चिरलेला सापडला. त्यातून हवा ओढली जात होती. नवा बसवला आणि इंजिन असं शांत झालं की चालू आहे की बंद, ते काट्याकडे बघून कळावं. मला इतका आनंद झाला की एकटीच टाळ्या वाजवल्या.

आठवडाभर मस्त. रविवारी परत तेच.

"बाय, इक ती," दादा ओटीवर चहा पीत म्हणाला. "किती दिवस भंगार सांभाळतलंस?"

मी हट्टाला पेटले. कोण जिंकतं बघू — मी की इंजिन! एक वही केली, पहिल्या थरथरीपासूनच्या नोंदी आठवून लिहिल्या. तारीख, वेळ, हवा, पेट्रोल किती, काटा किती. पाच आठवड्यांनी वही वाचायला बसले तेव्हा हवा-पेट्रोलाशी कशाचाच मेळ बसेना. मेळ एकाच गोष्टीशी बसत होता. दादा खळ्यात असला की गाडी थरथरायची, नसला की नाही.

मला माझंच हसू आलं. पण प्रयोग तर करायलाच हवा ना? पुढच्या रविवारी गाडी चालू करून ठेवली. दादा आला... काटा नाचायला लागला. "दादा, तिठ्यावरसून कोथमीर हाड रे." तो बेड्याबाहेर गेला आणि इंजिन शांत. कोथिंबीर घेऊन आला, परत थरथर. मग लिंबं राहिली म्हणून पाठवला. मग काडेपेटी. बिचारा तीन वेळा गेला आणि तिन्ही वेळा तेच झालं. त्याचा मोबाइल, मोटरसायकल, सगळे संशय मी एकेक करून बाद केले. तिसऱ्यांदा तर तो पायीच आणि मोबाइल घरात ठेवून गेला होता.

हे मी काकींना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "नजर लागली हा गो कोणाची तरी. गाऱ्हाणा घाल." माझा नकार दोन रविवार टिकला. तिसऱ्याला मी वैतागून म्हटलं, घाला बाई.

गणूआबा आले. गावातली सगळी गाऱ्हाणी तेच घालतात. तुळशीसमोर नारळ आणि विडा ठेवला. मी गाडी बंद करायला निघाले तर म्हणाले, "चालूच ऱ्हवांदे. म्हाराजाक पण आवाज आयकांदे." मी, काकी आणि दादा हात जोडून मागे उभे राहिलो. आमच्याकडची रीत माहीत नसलेल्यांसाठी सांगते — आबा एकेक वाक्य म्हणतात आणि मागच्या सगळ्यांनी मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे देवासमोर प्रत्येक वाक्यावर आपली सही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकराची गाडी सुखान चलांदे..."

"व्हय म्हाराजा!"

मागे शेडमधून खडखड चालूच होती. आबांनी आवाज चढवला. "आणि ह्या घराचो जो कोणी वायट करता असात, तेका उघडो पाड रे म्हाराजा!"

त्याच क्षणी गाडी बंद पडली. सगळं खळं एकदम चिडीचूप, आणि त्या शांततेत 'व्हय म्हाराजा' आलं ते दोघींचंच. काकींचं आणि माझं.

मी वळून बघितलं. दादा जमिनीकडे बघत होता.

"दादा, तू म्हटलंस नाय?"

"घसो बसलोहा," तो म्हणाला. जेवायचं ताट वाढलेलं होतं, पण काम आठवलं म्हणून तो निघून गेला. घसा बसलेला माणूस सकाळपासून माझ्याशी गप्पा मारत होता.

रात्रभर मला एकच गोष्ट आठवत राहिली. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर दादाने मला मालवणला ऑफिसात नेलं होतं. 'वारस नोंदीचे कागद आसत, बाय, सही कर.' मी केली होती, न वाचता. वही पुन्हा उघडली. गाडी पहिल्यांदा थरथरली तो रविवार त्या सहीनंतरचा पहिलाच होता.

सोमवारी अर्धी रजा टाकली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, काही कुरकुर नाही. तलाठी कार्यालयात घर-बागेचा सातबारा मागितला. त्यावर नाव एकच होतं, दादाचं. "मॅडम, तुम्हीच हक्कसोडपत्र नोंदवलंय ना?" क्लार्कने नवलाने विचारलं. "सही तुमची, फोटोही तुमचाच आहे."

तिथून तशीच पिंगुळीला गेले. दादा व्हरांड्यात पेपर वाचत होता. माझ्या हातातला कागद बघून त्याने पेपर घडी करून ठेवला.

"बस," म्हणाला.

"कित्याक केलंस रे?"

"तू एकटी. तुझ्या मागे ता जातला कोणाक? माझ्याच पोरांक ना? मगे आता झाला तर काय बिघाडला?"

"माका विचारलंस कित्याक नाय?"

"विचारलं असतंय तर सही केलं असतंस?" मग समजुतीच्या आवाजात, "तू रव गो थंय. मी काय तुका भायर काढतंय?"

ज्या घरात मी जन्मले, बाबांची आठ वर्षं काढली, तिथे राहायची परवानगी मला मिळाली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शिवी द्यायची होती, पण रडूच आलं. वहिनीने पाणी आणलं, ते मी प्यायले नाही.

दादा त्यानंतर आला नाही. मी वकील केलाय, फसवून घेतलेल्या सहीबद्दल दावा लावलाय. गाडी ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावून तपासली. एकही दोष निघाला नाही. बंद का पडली, तेही त्याला सांगता आलं नाही.

काकी म्हणतात, "बापूस तुझो सांगी होतो तुका." मला ते ऐकून बरं वाटायला हवं, पण संताप येतो. मालवणला सही करायला आम्ही ह्याच गाडीतून गेलो होतो. दादा माझ्या शेजारी बसला होता आणि इंजिन लोण्यासारखं चाललं होतं. बाबांना सांगायचंच होतं, तर तेव्हा का नाही सांगितलं? दादाने फसवलं ते फसवलं, पण तुम्हीसुद्धा उशीर केलात, बाबा... की हे सगळं माझ्याच मनाचं आणि रबरी पाइपांचं आहे? वही समोर आहे, आकडे खरे आहेत, कारण मात्र कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही.

गेल्या रविवारी सकाळी शेडमध्ये गाडी चालू ठेवून मी खळं झाडत होते. कित्येक महिन्यांनी काटा हलला. आठशे, पाचशे, आठशे... मी झाडू टाकला आणि बेड्याकडे धावले. ज्याच्यावर दावा लावलाय, ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून शपथ घेतलीये, त्याच्यासाठी मी, पन्नाशीची बाई, अनवाणी धावले. रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी मी बराच वेळ वळणाकडे बघत उभी राहिले.