आज पाणी कधी?

बऱ्याच वर्षांपूर्वी बाबांना खाडीपलीकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं. चार पावलं चाललं की त्यांना दम लागायचा. वाशी तेव्हा नुकती वसत होती. तिच्या शेजारच्या आमच्या गावची माणसं मोठ्या दुखण्याला पूल ओलांडून मुंबईलाच जायची. वॉर्ड गच्च भरलेला. पहिले दोन दिवस बाबांना दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी मिळाली. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. मला त्या गादीची लाज वाटली, हे लिहायलाही जड जातं.

बाबांना मात्र तिथं करमत होतं. शेजारच्या खाटेवर प्लास्टरमधला पाय टांगलेले एक गिरणी कामगार होते. बाबा खाडीत मासे धरतात हे कळल्यापासून ते रोज सकाळी विचारायचे, "काय नाखवा, आज पाणी कधी?"

"आज चौथ. तीनला भरती."

"मग तीनला होडी लावा खाली. सुटू दोघं."

सिस्टर म्हणायच्या, "नाखवा, डॉक्टर कधी येतील तेवढं सांगा."

"त्यांची तिथी आमाला नाय ठावं, बाय."

मी हट्ट धरला, की बाबांना वाशीच्या खासगी रुग्णालयात हलवायचं. आई म्हणाली, "हितं तुजा बापूस बोलतो तरी."

"आय, तुला नाय कळत त्यातलं," मी म्हटलं. तिने बाबांची पिशवी भरायला घेतली.

वाशीला स्वतंत्र खोली होती, पांढरीशुभ्र चादर होती. भेटायची वेळ चार ते सहा. खिडकीतून खाडीसुद्धा दिसायची. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हितं कोन काय इचारत नाय."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली. मग भीत भीत विचारलं, "बाबा, आज पाणी कधी?" इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मी हे कधी विचारलं नव्हतं.

ते वळले. "तुला कशाला?" म्हणाले, पण उठून बसले. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती, असं त्यांनी समजावलं. "आज दशमी. सांग."

"साडेसात."

"कालेजात शिकवतात म्हनजे कायतरी."

निघताना म्हणाले, "मना त्या वार्डात परत ने." उद्या डॉक्टरांना विचारते, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

त्यांच्या पिशवीत वॉर्डातल्या शेजाऱ्यांचा स्टीलचा पेला चुकून आला होता. तो द्यायला मी महिन्याभराने वॉर्डात गेले. ते अजून तिथंच होते.

"नाखवा कुठंयत? आमचं घड्याळच बंद पडलंय."

मी पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांना कळलं असावं. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. मग हळूच म्हणाले, "पोरी, आज पाणी कधी?"

येताना मी कॅलेंडर पाहून निघाले होते. का, ते मला माहीत नाही. "आठम. सहाला."

बाबांच्या खाटेवरच्या नव्या पेशंटने मान वर केली. "कसलं पाणी हो?"

ते त्याला सांगू लागले. मी स्टुलावर बसून ऐकत राहिले.