नजम्यातली टकटक

दोन हजार पाच सालचा मार्च. दोहाच्या विमानतळातून बाहेर पडलो तेव्हा अंगात नवा कोट होता आणि डोक्यात हवा. जर्मनीतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात मी गणित शिकवतो, संशोधन करतो. तिथल्या प्राध्यापकबाईंबरोबर परिषदेला आलो होतो. वाटेत जिकडेतिकडे क्रेन आणि अर्धवट इमारती.

सभागृहातला एसी बंद होता. शिडीवरून कोणीतरी ओरडलं, “अरे सुध्या! वळखलंस काय?”

इब्राहिम! रत्नागिरीजवळच्या आमच्या गावचा, दहावीपर्यंत माझ्याच बाकावरचा.

“ओळखीचे?” बाईंनी विचारलं.

“नाही,” मी इंग्रजीत म्हणालो. “एसीवाला आहे.”

तो पुन्हा स्क्रू पिळू लागला.

माझं भाषण बरं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र आमच्या विद्यापीठाच्या रीतीने दुमडलेल्या बोटांनी टेबलावर टकटक केली.

दारात इब्राहिम थांबला होता. “तुझ्या मॅडमसमोर उगाच आरडलो. माजंच चुकलं. पण जेवल्याबिगर जायचं नाय. यल्ला (चल)!”

माफी मी मागायची, तर मागत होता तो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं, “गडबडीत होतो रे.”

दोहाच्या नजमा वस्तीतल्या जुन्या इमारतीत एका खोलीत ते चौघं राहत. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी. इब्राहिम सोबत्यांना सांगू लागला, “हा सुध्या! जर्मनीच्या युनिव्हर्सिटीत शिकवतो. गणितं मी ह्याच्याच वहीतनं उतरवायचो.”

खरं होतं ते उलटं. माझी गणितं त्याच्या वहीतून यायची. मी भाकरी मोडत राहिलो.

“आणि तुझी मॅडम टेबल कशाला ठोकत होती?”

“आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. व्याख्यान आवडलं की विद्यार्थी बाकावर टकटक करतात.”

मी निघायला उठलो. इब्राहिमने सोबत्यांना खूण केली. चौघांनी खाटांच्या फळ्यांवर टकटक सुरू केली. इब्राहिमची सगळ्यांत जोरात. मी बूट घालायच्या निमित्ताने खाली वाकलो, तो बराच वेळ वाकूनच राहिलो.

परतलो, नवं सत्र सुरू झालं. इब्राहिमने निघताना दिलेला नंबर खिशात आहे, अजून लावलेला नाही. तास संपला की बाकं वाजू लागतात. पूर्वी मी हसून मान लववायचो. आता फळा पुसायला वळतो, आणि पुसून झालेला फळा पुन्हा पुसतो.