पूजेनंतर मशीन सुरू होईना

पनवेलला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. नीट चाललेलं मशीन कुणाच्या लक्षात राहत नाही हो. बंद पडलेलं मात्र लोक वर्षानुवर्षं ऐकवतात! आम्ही लिनक्सवाले. त्यात बूटलोडर म्हणून एक इवलासा प्रोग्राम असतो, मशीनला सगळ्यात आधी उठवणारा. अपडेट करताना तो बिघडला, की आत सगळं शाबूत, पण मशीन उठतच नाही. नुसता काळा पडदा.

हे अपडेटचं काम दुकानातल्या महेशकडे. लग्न ठरलेलं, पगार जेमतेम, हात चांगला, नशीब फुटकं.

*

उरणच्या एका शाळेत अपडेट अर्ध्यावर आणि लोडशेडिंग! महेश निवांत, कारण यूपीएस होता. तरी मशीन बंद. बघतो तर यूपीएसला मशीनऐवजी मुख्याध्यापकांचा पंखा जोडलेला. "उकडतं हो फार," ते म्हणाले. पंखा मस्त फिरत होता.

आमचे सर, म्हणजे दुकानाचे मालक, भडकले. "अजून एक मशीन बसलं, की तू घरी!" बिचारा त्या दिवशी जेवला नाही.

*

उलव्याच्या बिल्डरकडे तर कहरच. अपडेट झालं, रीस्टार्ट केलं, झकास सुरू. महेश पेनड्राइव्ह खिशात घालून घरी आला. सकाळी बिल्डरचा फोन, "काय काढून नेलंत तुम्ही?" बूटलोडर मशीनऐवजी पेनड्राइव्हवर बसला होता! महेश धावत जाऊन नीट करून आला. सरांना आम्ही कळू दिलं नाही.

*

सगळ्यात वाईट दिवस दसरा. एरवी मशीन कोणी बंद करत नाही. अपडेट व्हायचं, रीस्टार्ट "नंतर बघू!" त्यामुळे बूटलोडर बिघडला असला तरी कळायचंच नाही. दसऱ्याला मात्र पूजेसाठी बंद करणार, हार घालणार, कुंकू लावणार आणि मग बटण दाबणार. फोनवर फोन! एकाने विचारलं, "नारळ फोडायचा राहिला म्हणून का हो?" हसूसुद्धा येत नाही अशा वेळी.

*

त्याच दसऱ्याला करंजा गावच्या मच्छीमार सोसायटीचं मशीन बसलं. अपडेट महेशचंच. सर म्हणाले, "रीस्टार्ट होऊन सुरू झालं तरच परत ये." मी सोबत गेलो.

तिथे हिरावहिनी म्हणून एक बाई बसलेल्या. नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. वर्षश्राद्ध जवळ आलेलं. सोसायटीच्या कार्डासाठी त्याचा फोटो काढला होता. "एकच फोटू, तो पन यातच हाय रं."

महेशने सीडीवरून मशीन उठवलं, फोटो उघडला. वहिनी बघतच राहिल्या. बूटलोडर परत बसवून महेश म्हणाला, "वहिनी, फोटो मी वेगळा काढून ठेवलाय. आता एकदा बंद करून सुरू करतो."

वहिनींनी त्याचा हात धरला. "नको रं दादूस. दिसतोय तवर ऱ्हाऊंदे. बंद केलास नि परत नाय आला तं?"

महेशने बाहेर जाऊन सरांना फोन लावला. "सर, मशीन चालू आहे. रीस्टार्ट मी करणार नाही. मला कामावरून काढायचं तर काढा!"