सखूला दिलेली अर्धी गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला माझे बाकीचे सगळे पराक्रम तोंडपाठ आहेत. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय खरा.

नव्वदच्या दशकात मी रबाळ्याला एका औषध कारखान्यात होतो. पॅकिंगमध्ये. काम काय, तर खोक्यांवरची लेबलं तपासायची. पण नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी अर्धा डॉक्टर! कुणाचं अंग गरम झालं की माझी बेल वाजायची. मी चष्मा लावून गोळी काढून द्यायचो, वर "जेवल्यावर घ्या" असं बजावायचो. मला ते फार आवडायचं.

समोरच्या सुलभावहिनींना मूलबाळ नव्हतं. सगळा जीव सखूत — त्यांच्या मांजरीत. एका वर्षी गणपतीला गावी जाताना त्यांनी घराची चावी आणि सखू माझ्यावर सोपवली. भातात कालवून घालायला डब्यात सुका जवळा ठेवला. माझी बायकोही तेव्हा मुलांना घेऊन माहेरी गेलेली.

तिसऱ्या दिवशी सखूने भाताला तोंड लावलं नाही. कान गरम लागले. म्हटलं, ताप. आता ताप म्हटल्यावर माझा हात कुठे जाणार? तापाची अर्धी गोळी कुटली, दुधात कालवली आणि चमच्याने पाजली. मांजराला ती विष असते हे मला ठाऊक नव्हतं. गोष्ट इथेच संपली असती, तर तिला चूक म्हणता आलं असतं.

दुपारपर्यंत तिचं तोंड सुजलं, हिरड्या काळपट पडल्या, धाप लागली. खालच्या पाटलांनी रिक्षा आणली. आम्ही तिला टोपलीत घालून वाशीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिरड्या बघितल्या आणि थेट विचारलं, "माणसांची तापाची गोळी-बिळी दिली काय? दिली असेल तर बोला, ट्रीटमेंट वेगळी करायला लागेल."

पाटील शेजारीच उभे होते. त्याच आठवड्यात त्यांच्या आईला मी गोळी दिली होती. मी म्हणालो, "नाही. सुका जवळा खाल्ला होता."

कशाला घाबरलो मी? माझी बेल वाजायची बंद होईल म्हणून? — हो, म्हणूनच. डॉक्टरांनी खाणं बाधल्याचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सखू गेली. खरं बोललो असतो तर वाचली असती का, सांगता येत नाही. पण डॉक्टर उपाय करायला तयार होते आणि मी तो करू दिला नाही.

वहिनी परतल्या, त्यांनाही मी जवळ्याचंच सांगितलं. त्या डबा उघडून वास घेत बसल्या. "दमट झाला असेल. मीच नीट नाय बघितला," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. वर मीच त्यांची समजूत घातली. लाज वाटते हे लिहिताना.

दोन-तीन वर्षांनी पाटलांची मुलगी जिन्याखालचं मांजराचं एक पिल्लू घेऊन वहिनींकडे आली — पाळा म्हणून. मी कामावर निघालो होतो, दारातच होतो. वहिनींनी पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि ते तिच्या हातात परत दिलं.

"नको गं बाय. माझ्या हातचं खाऊन एक गेली. आमाला मांजर लाभत नाय."

मी चपला घातल्या आणि खाली उतरलो.